पंचशील : सीमा न आखलेले वचन

२९ एप्रिल १९५४ रोजी पेकिंगमध्ये, म्हणजे आजच्या बीजिंगमध्ये, भारत आणि चीन यांच्यात एक करार झाला. भारताच्या वतीने राजदूत एन. राघवन यांनी आणि चीनच्या वतीने परराष्ट्र खात्याचे उपमंत्री चांग हान-फू यांनी त्यावर सह्या केल्या. ‘चीनचा तिबेट प्रदेश आणि भारत यांच्यातील व्यापार व दळणवळणविषयक करार’ असे त्याचे रुक्ष नाव. आतला मजकूरही तसाच. व्यापारी कचेऱ्या कोणत्या गावी असाव्यात, यात्रेकरूंनी कोणत्या खिंडीतून जावे, सीमेलगतच्या माणसांना कोणते कागद लागतील, अशी त्याची कलमे. प्रस्तावनेत मात्र पाच तत्त्वे ओळीने मांडलेली होती : परस्परांच्या प्रादेशिक अखंडतेचा आणि सार्वभौमत्वाचा आदर, परस्परांवर आक्रमण न करणे, परस्परांच्या अंतर्गत कारभारात ढवळाढवळ न करणे, समानता आणि परस्परहित, आणि शांततामय सहजीवन.

‘पंचशील’ हा शब्द या करारात कुठेही नाही. तो मागाहून आला, आणि आला तो असा की मूळ करार झाकून गेला. काही महिन्यांतच संसदेतल्या भाषणांत, संयुक्त निवेदनांत आणि जाहीर सभांत हा शब्द घुमू लागला. दिल्लीत पंचशील मार्ग झाला, पंचशील पार्क झाले. आठ वर्षांनी हिमालयात तोफा धडाडल्या तेव्हा हाच शब्द हेटाळणीचा विषय झाला. पुढे तो पुन्हा सावरला आणि दोन्ही देशांच्या कागदपत्रांत परत येऊन बसला. एका राजकीय संज्ञेच्या वाट्याला इतके मान आणि इतके अपमान क्वचितच आले असतील. या प्रवासाचा शोध घेताना एक गोष्ट माझ्या मनात पक्की होत गेली. पंचशीलातली पाचही तत्त्वे चांगली होती, आजही आहेत. पण ज्या सीमेच्या दोन्ही बाजूंना ती पाळायची होती ती सीमा कुठून जाते, हे ठरवायचे राहून गेले. बांध कुठे आहे हे न ठरवता शेजारधर्माच्या आणाभाका घेतल्या गेल्या.

वारशाने मिळालेले हक्क

हा करार समजून घ्यायचा तर अर्धशतक मागे जावे लागते. १९०४ मध्ये कर्नल यंगहजबंडच्या नेतृत्वाखाली ब्रिटिश फौज ल्हासापर्यंत गेली. त्या मोहिमेतून ब्रिटिश हिंदुस्थानला तिबेटमध्ये काही खास हक्क मिळाले. ग्यांत्से, यातुंग आणि गारतोक येथे व्यापारी प्रतिनिधी, ग्यांत्से व यातुंग येथे त्यांच्या संरक्षणासाठी लष्करी तुकड्या, वाटेवर विश्रामगृहे, टपाल आणि तार यांची व्यवस्था, असा तो पसारा होता. १९४७ मध्ये हे सगळे स्वतंत्र भारताच्या हाती आले. वसाहतवादाविरुद्ध लढून स्वतंत्र झालेल्या देशाच्या पदरात एक छोटी वसाहती मिरास पडली होती, आणि तिचे काय करायचे हा प्रश्न पंडित नेहरूंना अवघड वाटत होता.

ऑक्टोबर १९५० मध्ये चिनी फौजा पूर्व तिबेटमध्ये शिरल्या आणि प्रश्नाचे रूपच पालटले. ७ नोव्हेंबर १९५० रोजी सरदार पटेलांनी नेहरूंना सविस्तर पत्र लिहून उत्तर सीमेवरच्या नव्या धोक्याची जाणीव करून दिली. त्याच महिन्याच्या २० तारखेला नेहरूंनी संसदेत ठामपणे सांगितले की मॅकमहोन रेषा हीच आपली सीमा आहे, नकाशा असो वा नसो. २३ मे १९५१ रोजी तिबेटच्या प्रतिनिधींनी पेकिंगमध्ये सतरा कलमी करारावर सह्या केल्या आणि तिबेटवरचा चीनचा अंमल कागदावर आला. १९५२ मध्ये ल्हासातल्या भारतीय मिशनचे रूपांतर महावाणिज्य दूतावासात झाले. त्या बदल्यात चीनला आपला महावाणिज्य दूतावास मुंबईत उघडण्याची परवानगी मिळाली.

याच सुमारास दिल्लीत एक महत्त्वाचा वाद चालू होता. चीनशी तिबेटबद्दल बोलताना सीमेचा प्रश्न काढायचा की नाही? पेकिंगमधले राजदूत सरदार के. एम. पणिक्कर यांचे म्हणणे असे की आपली सीमा आपण जाहीर केली आहे, चीनने त्यावर हरकत घेतलेली नाही, तेव्हा आपणहून विषय काढणे म्हणजे मिटलेला प्रश्न उकरणे. परराष्ट्र खात्याचे माजी सरचिटणीस सर गिरिजाशंकर बाजपेयी यांना हे पटत नव्हते. मुंबईचे राज्यपाल म्हणून राजभवनात आल्यावरही ते दिल्लीला लिहीत राहिले की चीनचे मौन म्हणजे संमती नव्हे, हा प्रश्न समोर ठेवायलाच हवा. निर्णय पणिक्करांच्या बाजूने झाला. पुढच्या सगळ्या घटनांची मुळे या एका निर्णयात आहेत.

पेकिंगमधले चार महिने

३१ डिसेंबर १९५३ रोजी पेकिंगमध्ये वाटाघाटी सुरू झाल्या. त्या दिवशी भारतीय शिष्टमंडळाशी बोलताना चीनचे पंतप्रधान चौ एन-लाय यांनी ही पाच तत्त्वे मांडली. चीनमध्ये पंचशीलाचे श्रेय आजही त्यांनाच दिले जाते. भारतात ते अनेक वर्षे नेहरूंच्या नावावर जमा होत राहिले. प्रत्यक्षात दोन्ही सरकारांना त्या क्षणी ही तत्त्वे सोयीची होती. चीनला चार वर्षांपूर्वी स्थापन झालेल्या राजवटीसाठी मान्यता हवी होती, आणि तिबेट हा आपला अंतर्गत मामला आहे हे आशियातल्या एका मोठ्या देशाकडून लेखी हवे होते. भारताला उत्तरेकडे शांतता हवी होती, कारण पहिली पंचवार्षिक योजना चालू होती आणि हिमालयात मोठे सैन्य उभे करण्याइतका पैसा देशाकडे नव्हता.

वाटाघाटी चार महिने चालल्या, त्या तत्त्वांवरून नव्हे, तपशिलांवरून. खिंडींचे कलम घ्या. चिनी मसुद्यात म्हटले होते की चीन सरकार पुढील खिंडी खुल्या करण्यास मान्यता देत आहे. भारतीय अधिकाऱ्यांनी त्याला हरकत घेतली. खिंडी सीमेवरच्या आहेत, त्या खुल्या करणारा चीन एकटा कोण? शेवटी तडजोड झाली ती अशी की दोन्ही देशांचे व्यापारी आणि यात्रेकरू पुढील खिंडींतून प्रवास करू शकतील : शिपकी ला, माणा, निती, कुंगरी बिंगरी, दारमा आणि लिपुलेख. भारतीय बाजूने याचा अर्थ असा लावला की या सहा खिंडींवर सीमा आहे, हे चीनने मान्य केले. चीनने तसे कुठेही म्हटले नव्हते.

लडाखच्या बाजूची वाट चिनी अधिकाऱ्यांना नको होती. लडाखहून रुडोककडे जाणारे जुने मार्ग करारात यावेत, असा भारताचा आग्रह होता. चीन फक्त सिंधू खोऱ्यातून ताशिगोंगकडे जाणारी रूढ वाट चालू ठेवायला तयार झाला. त्याच भागाच्या उत्तरेला अक्साई चीन आहे. तिथून जाणारा रस्ता चीनच्या मनात किती महत्त्वाचा होता, हे पुढच्या चार वर्षांत जगाला कळायचे होते.

मुदतीवरूनही ओढाताण झाली. भारताला दीर्घ मुदत हवी होती, चीनला थोडी. आठ वर्षांवर सौदा पटला. करारासोबत देवाणघेवाण झालेल्या पत्रांनुसार भारताने यातुंग आणि ग्यांत्से येथल्या लष्करी तुकड्या सहा महिन्यांत काढून घेण्याचे, टपाल, तार व टेलिफोनची व्यवस्था हवाली करण्याचे आणि बारा विश्रामगृहे सोपवण्याचे कबूल केले. वसाहती हक्क सोडले याचे नेहरूंना समाधान होते, आणि ते प्रामाणिक होते. पण त्या हक्कांच्या बदल्यात सीमेबद्दल एक ओळ मागून घेता आली असती. ती मागितलीच गेली नाही.

आणि ज्याच्या भूमीबद्दल हे सगळे चालले होते तो तिबेट त्या मेजाशी नव्हता. यात्रेकरूंच्या कलमात कैलास आणि मानसरोवर आले, बनारस, सारनाथ, गया आणि सांची आली. तिबेटी माणसाने आपल्या देशाबद्दल काय म्हणावे, याला मात्र एकाही कलमात जागा नव्हती.

नाव आले कुठून

पाच तत्त्वांना ‘पंचशील’ हे नाव मिळाले तेव्हा आशियात ते आधीच दोन अर्थांनी वावरत होते. पहिला अर्थ अडीच हजार वर्षांचा. बुद्धाने उपासकांसाठी सांगितलेले पाच नियम : हिंसा, चोरी, व्यभिचार, असत्य आणि मद्यपान यांपासून दूर राहणे. दुसरा अर्थ इंडोनेशियाचा. १ जून १९४५ रोजी सुकार्णोंनी एका भाषणात भावी राष्ट्राची पाच आधारतत्त्वे मांडली आणि त्यांना ‘पंचसिला’ म्हटले. ईश्वरनिष्ठा, मानवता, राष्ट्रीय ऐक्य, लोकशाही आणि सामाजिक न्याय, अशी ती पुढे राज्यघटनेत स्थिरावली. भारत-चीन संबंधांना हे नाव देण्यात नेहरूंच्या इतिहासप्रेमी मनाचा मोठा वाटा होता. बौद्ध धर्म भारतातून चीनमध्ये गेला, दोन संस्कृतींमध्ये शतकानुशतके युद्ध झाले नाही, अशी त्यांची मांडणी असे. पाच राजनैतिक कलमांना बुद्धाच्या शीलांचे नाव दिले की त्या जुन्या नात्याचे पुण्य आपोआप नव्या कराराला लागत होते.

या नामकरणावर सर्वांत नेमका आक्षेप घेतला तो डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी. २६ ऑगस्ट १९५४ रोजी राज्यसभेत परराष्ट्र धोरणावर बोलताना त्यांनी पंचशीलाचा विषय काढला. पंतप्रधान हे इतक्या गांभीर्याने घेत आहेत याचे आपल्याला आश्चर्य वाटते, असे त्यांनी सांगितले. पंचशील हा बौद्ध धर्माचा गाभा आहे. माओंचा त्यावर विश्वास असता तर आपल्या देशातल्या बौद्धांना त्यांनी वेगळ्या रीतीने वागवले असते. राजकारणात पंचशीलाला जागा नाही आणि कम्युनिस्ट देशाच्या राजकारणात तर मुळीच नाही, हे त्यांच्या प्रतिपादनाचे सार होते. ल्हासाचा ताबा चीनला घेऊ दिल्याने चीनची सीमा आपल्या दाराशी आली, हा इशाराही त्याच भाषणात होता.

आचार्य कृपलानींचे शब्द याहून कठोर होते. लोकसभेत ते म्हणाले की या थोर तत्त्वाचा जन्मच पापातून झाला आहे, कारण एका प्राचीन राष्ट्राच्या विनाशावर शिक्कामोर्तब करण्यासाठी ते उच्चारले गेले. त्या काळात ही टीका फारशी कोणी मनावर घेतली नाही. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस चीनच्या रणभूमीवर रुग्णसेवा करता करता १९४२ मध्ये मरण पावले होते. त्यांच्यावरचा व्ही. शांताराम यांचा चित्रपट १९४६ साली आला होता. चीनबद्दल मराठी माणसाच्या मनात खरा जिव्हाळा होता, आणि ‘हिंदी-चिनी भाई भाई’ ही घोषणा त्याला पोकळ वाटत नव्हती.

पाच तत्त्वे, अनेक वाचने

जून १९५४ च्या अखेरीस चौ एन-लाय जिनिव्हातल्या हिंदचीन परिषदेतून वेळ काढून दिल्लीला आले. २८ जूनच्या संयुक्त निवेदनात दोन्ही पंतप्रधानांनी जाहीर केले की ही तत्त्वे केवळ आपल्यापुरती नाहीत, आशियातल्या आणि जगातल्या इतर देशांशी असलेल्या संबंधांतही ती लागू व्हावीत. दुसऱ्याच दिवशी रंगूनमध्ये ब्रह्मदेशाचे पंतप्रधान ऊ नू यांच्यासोबत चौंनी असेच निवेदन काढले. तिबेटच्या व्यापारावरच्या एका करारातली प्रस्तावना बघता बघता आंतरराष्ट्रीय सहकार्याचा जाहीरनामा झाली.

इथून पुढे प्रत्येक देशाने पंचशील आपापल्या गरजेप्रमाणे वाचले. चीनला तिसरे तत्त्व, ढवळाढवळ न करण्याचे, सर्वांत प्रिय होते, कारण त्यामुळे तिबेटवर कोणी बोलू शकत नव्हते. भारताचा भर दुसऱ्यावर आणि पाचव्यावर होता. ब्रह्मदेशासारख्या लहान शेजाऱ्याला पहिले तत्त्व हवे होते, कारण त्याच्या सीमेवर चीनचा दावा होता आणि त्याच्या जंगलांत कुओमिंतांगच्या पराभूत फौजा ठाण मांडून बसल्या होत्या. सोव्हिएत युनियनने जून १९५५ मध्ये नेहरूंच्या मॉस्को भेटीत पाचही तत्त्वांना दुजोरा दिला. शीतयुद्धात अमेरिकेच्या लष्करी करारांविरुद्ध बोलायला त्याला एक नवी, आशियाई भाषा मिळाली.

एप्रिल १९५५ मध्ये इंडोनेशियातल्या बांडुंग येथे आशिया-आफ्रिकेतले २९ देश जमले. १८ ते २४ एप्रिल अशी आठवडाभर परिषद चालली आणि पंचशीलाची कसोटी तिथेच लागली. पाकिस्तान, फिलिपाइन्स, तुर्कस्तान, इराक हे देश पाश्चात्त्यांशी लष्करी करारांनी बांधलेले होते. ‘शांततामय सहजीवन’ हा शब्दप्रयोग त्यांना कम्युनिस्टांचा वाटत होता. पाकिस्तानचे पंतप्रधान महमद अली बोगरा यांनी आपले सात स्तंभ पुढे केले. सिलोनचे सर जॉन कोटेलावाला यांनी पूर्व युरोपातल्या सोव्हिएत वर्चस्वाचा प्रश्न उपस्थित करून वातावरण तापवले. या पेचातून वाट काढली चौ एन-लाय यांनीच. ‘शांततामय सहजीवन’ हे शब्द खटकत असतील तर संयुक्त राष्ट्रांच्या सनदेतले ‘शांततेने एकत्र राहणे’ हे शब्द घ्या, असे ते म्हणाले. अंतिम निवेदनात पाचाची दहा तत्त्वे झाली. त्यांत एकट्याने किंवा सामूहिकरीत्या स्वसंरक्षण करण्याचा हक्क आला, म्हणजे लष्करी करारांना दार उघडे राहिले. बड्या सत्तांच्या हितासाठी असे करार वापरू नयेत, ही पुस्तीही आली. बांडुंगचा दस्तऐवज आशिया-आफ्रिकेच्या इतिहासात मोठा आहे. पण तो तयार होताना पंचशीलाची धार किती सहज बोथट करता येते, हेही दिसून आले.

दीड वर्षाने हंगेरीत उठाव झाला. १ नोव्हेंबर १९५६ रोजी चीनने जाहीर केले की समाजवादी देशांमधले संबंधसुद्धा याच पाच तत्त्वांवर उभे असले पाहिजेत. मॉस्कोला दिलेला तो सौम्य टोला होता. तीनच दिवसांनी सोव्हिएत रणगाडे बुडापेस्टवर चालून गेले, आणि चीनने त्या कारवाईला पाठिंबा दिला. आक्रमण न करणे आणि ढवळाढवळ न करणे, ही तत्त्वे छावणीच्या आत किती टिकतात, त्याचे उत्तर त्या आठवड्याने दिले.

तरीही पंचशीलाची चढती कमान थांबली नव्हती. डिसेंबर १९५७ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने शांततामय आणि शेजारधर्माच्या संबंधांवरचा ठराव संमत केला. तो भारत, युगोस्लाव्हिया आणि स्वीडन यांनी मांडला होता. शब्द बदलले होते, आशय पंचशीलाचाच होता.

नागपूरचे पंचशील

या सगळ्या गदारोळात १४ ऑक्टोबर १९५६ हा दिवस आला. नागपुरात बाबासाहेबांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली आणि लाखो अनुयायांना त्रिशरण व पंचशील दिले. महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांत, वस्त्यावस्त्यांत हा शब्द त्या दिवसापासून रोजच्या वंदनेचा भाग झाला. दिल्लीच्या निवेदनांतले पंचशील विस्मरणात गेल्यावरही इथले पंचशील जिवंत राहिले.

दोन पंचशीलांमधला फरक इथे डोळ्यांत भरतो. बौद्ध उपासक शील घेतो तेव्हा तो स्वतःला बांधून घेतो. शेजारी चोरी करतो की नाही, यावर त्याचे व्रत अवलंबून नसते. १९५४ च्या कराराचा सारा भर परस्परांवर आहे. समोरचा पाळेल तोवर मी पाळीन, असे त्याचे स्वरूप. राज्यांच्या व्यवहारात ते तसेच असणार, त्यात दोष नाही. पण जे परस्परांवर अवलंबून असते त्याला स्पष्ट रेघ लागते, भंग झाला की नाही हे ठरवणारा कोणी लागतो, आणि भंग झाल्यास काय करायचे याची तजवीज लागते. करारात यांपैकी एकही गोष्ट नव्हती. व्रताचे नाव मिळाल्यामुळे मात्र त्या उणिवा दिसेनाशा झाल्या. राजकारणात पंचशीलाला जागा नाही असे बाबासाहेब म्हणाले, त्यामागचे शहाणपण मला इथे सापडते.

एकाच मजकुराचे दोन आरोपी

तडा फार लवकर गेला होता. करार होऊन तीन महिनेही झाले नव्हते तेव्हा, १७ जुलै १९५४ रोजी, आजच्या उत्तराखंडातल्या बाराहोती या कुरणावर भारतीय तुकडी असल्याबद्दल चीनने निषेध नोंदवला. त्याच महिन्याच्या पहिल्या तारखेला नेहरूंनी आदेश दिला होता की जुने नकाशे काढून टाकावेत आणि नव्या नकाशांत उत्तर सीमा पक्क्या रेषेने दाखवावी. म्हणजे दोन्ही बाजू आपापल्या मनातली सीमा गृहीत धरून पहिले तत्त्व पाळत होत्या.

१९५७ मध्ये शिनच्यांगला पश्चिम तिबेटशी जोडणारा रस्ता अक्साई चीनमधून पूर्ण झाला. भारताने त्याचा निषेध केला तो १८ ऑक्टोबर १९५८ रोजी. जानेवारी १९५९ मध्ये चौ एन-लाय यांनी नेहरूंना लिहिले की भारत-चीन सीमा औपचारिकपणे कधीच आखली गेलेली नाही. जे वाक्य १९५४ च्या मेजावर यायला हवे होते ते पाच वर्षांनी टपालाने आले.

मार्च १९५९ मध्ये ल्हासात उठाव झाला आणि ३१ तारखेला दलाई लामा भारताच्या हद्दीत आले. आता पंचशील हे दोषारोपाचे हत्यार झाले. भारताने तिबेटच्या बंडखोरांना आसरा देऊन तिसरे तत्त्व मोडले, असे चीन म्हणू लागला. ६ मे १९५९ रोजी पेकिंगच्या ‘पीपल्स डेली’ने नेहरूंच्या विचारसरणीवर भला मोठा हल्ला चढवला. चीनने पहिले आणि दुसरे तत्त्व मोडले, असे भारत म्हणत होता. २५ ऑगस्टला पूर्व सीमेवरच्या लाँगजू येथे गोळीबार झाला. २१ ऑक्टोबरला लडाखमधल्या कोंगका खिंडीजवळ भारतीय पोलिसांची तुकडी चिनी गोळ्यांना बळी पडली. महाराष्ट्रासह देशभरातले पोलिस दरवर्षी २१ ऑक्टोबरला हुतात्म्यांना मानवंदना देतात, ती याच घटनेच्या स्मरणार्थ.

एप्रिल १९६० मध्ये चौ एन-लाय दिल्लीला आले, सहा दिवस चर्चा झाली, हाती काही लागले नाही. जून १९६२ मध्ये कराराची आठ वर्षे संपली. नवा करार करण्याची चीनची तयारी होती, पण आधी आक्रमण मागे घ्या, असे भारताचे उत्तर होते. करार कोणी मोडला नाही, तो मुदत संपून लोप पावला. २० ऑक्टोबर १९६२ रोजी चीनने पूर्वेला आणि पश्चिमेला एकाच वेळी हल्ला केला. कृष्ण मेनन यांना संरक्षणमंत्रिपद सोडावे लागले आणि नोव्हेंबरात यशवंतराव चव्हाण मुंबईहून दिल्लीला गेले. हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला, हे वाक्य तेव्हापासून मराठीत रुजले. मुंबईच्या कामगार चळवळीतून पुढे आलेले श्रीपाद अमृत डांगे तेव्हा कम्युनिस्ट पक्षाचे अध्यक्ष होते. १ नोव्हेंबरला त्यांच्या पक्षाच्या राष्ट्रीय परिषदेने चिनी आक्रमणाचा निषेध केला, आणि त्या वादातून पुढे, १९६४ मध्ये, पक्ष दुभंगला.

सर्वांत मोठी किंमत मोजली ती खिंडींतल्या माणसांनी. जोहार, दारमा, ब्यांस, निती आणि माणा या खोऱ्यांतले भोटिया व्यापारी पिढ्यान् पिढ्या धान्य, गूळ, कापड घेऊन ग्यानिमा आणि तकलाकोटच्या बाजारांत जात आणि मीठ, टाकणखार, लोकर घेऊन परत येत. करारात त्यांच्या वाटांची नावे होती. १९६२ नंतर त्या वाटा बंद झाल्या आणि उन्हाळी व्यापारावर जगणारी गावे ओस पडत गेली. पंचशीलाच्या नावाने जे सहकार्य खरोखर चालू होते ते या लोकांचे होते, आणि सर्वांत आधी बुडाले तेही त्यांचेच.

जिथे रेघ आखली गेली

पंचशील सगळीकडे फसले असे नाही. ब्रह्मदेशाने ऊ नू आणि ने विन यांच्या काळात चीनशी सीमेवर नेटाने वाटाघाटी केल्या. जानेवारी १९६० मध्ये करार झाला आणि १ ऑक्टोबर १९६० रोजी सीमेचा तह झाला. काही गावे चीनला गेली, काही प्रदेश ब्रह्मदेशाला मिळाला, आणि उत्तरेला चीनने बहुतांशी जुनी मॅकमहोन रेषाच स्वीकारली, फक्त त्या नावाने नव्हे. नेपाळशीही १९६१ मध्ये सीमातह झाला. १९६७ मध्ये रंगूनला चिनीविरोधी दंगली उसळल्या आणि त्यानंतर चीनने ब्रह्मी कम्युनिस्ट बंडखोरांना उघड मदत केली, म्हणजे तिसऱ्या तत्त्वाचे तिथेही धिंडवडे निघाले. पण आखलेली सीमा टिकली, आणि तिच्यावरून युद्ध झाले नाही. भारताच्या वाट्याला आलेल्या अनुभवाशी हे ताडून पाहिले की फरक कुठे पडला ते कळते.

युद्धानंतरही चीनने पाच तत्त्वे सोडली नाहीत. फेब्रुवारी १९७२ मध्ये निक्सन यांच्या भेटीनंतर निघालेल्या शांघाय निवेदनात ती आहेत. १९८२ च्या चिनी राज्यघटनेच्या प्रस्तावनेत ती आहेत. डिसेंबर १९८८ मध्ये राजीव गांधी बीजिंगला गेले तेव्हा संयुक्त निवेदनात ती परतली. सप्टेंबर १९९३ मध्ये, पी. व्ही. नरसिंह राव यांच्या भेटीत, प्रत्यक्ष ताबारेषेवर शांतता राखण्याचा करार झाला, त्याचाही पाया तीच आहेत. या १९९३ च्या करारात एक नवी गोष्ट होती. सीमा अजून ठरलेली नाही हे त्यात मोकळेपणाने मान्य केले होते, आणि ती ठरेपर्यंत कोणी कसे वागायचे, सैन्य किती ठेवायचे, संशय आला तर एकत्र बसून कसे तपासायचे, हे लिहिले होते. भव्यता कमी आणि उपयोग जास्त, असा तो दस्तऐवज होता. जून २०१४ मध्ये बीजिंगला पंचशीलाची साठी साजरी झाली, तेव्हा उपराष्ट्रपती हमीद अन्सारी उपस्थित होते. १५ जून २०२० रोजी गलवान खोऱ्यात २० भारतीय जवान धारातीर्थी पडले. ताबारेषा नेमकी कुठे आहे याबद्दल दोन्ही बाजूंचे नकाशे तेव्हाही वेगळेच होते.

नेहरूंना भाबडे ठरवून हा विषय संपवण्याची आपल्याकडे सवय आहे. ती मला अन्यायाची वाटते. १९५४ मध्ये भारतासमोर फार पर्याय नव्हते, आणि दोन महायुद्धांनंतरच्या जगात एका आशियाई नेत्याने शांततेची भाषा बोलावी, यात लाज वाटण्यासारखे काही नव्हते. चूक झाली ती क्रम ठरवण्यात. आधी तत्त्व आणि मग सीमा, असे ठरले. पुढे तत्त्वावरचा विश्वास हाच सीमेवर न बोलण्याचे कारण झाला. ज्या लोकांच्या भूमीवर सौदा होतो आहे त्यांना विचारायचे नाही, हेही त्याच वेळी ठरले, आणि १९५९ च्या मार्चमध्ये तो न विचारलेला प्रश्न हजारो निर्वासितांच्या रूपाने हिमालय ओलांडून येऊ लागला.

आजही दोन देशांचे नेते भेटले की परस्पर आदर, परस्पर संवेदनशीलता, परस्पर हित असे शब्द निवेदनांत येतात. त्या शब्दांना नाके मुरडू नयेत. पण ते वाचताना नागरिकांनी तीन प्रश्न जरूर विचारावेत. आदर कोणत्या रेघेपर्यंत करायचा, हे लिहिले आहे का? वचन मोडले तर ते कोण आणि कसे तपासणार? आणि ज्यांचे घर त्या रेघेवर आहे त्यांचे म्हणणे कोणी ऐकले का? पेकिंगमधल्या त्या कराराला या तिन्ही प्रश्नांची उत्तरे देता आली नाहीत, म्हणून पाच चांगली तत्त्वे हाताशी असूनही दोन शेजारी रणांगणावर भेटले. सीमेपलीकडच्या सहकार्याची कोणतीही नवी संज्ञा याच तीन प्रश्नांवर पारखून घेतली पाहिजे.